आब्लारमधला मुका एच

स्पॅनिश शिकवताना फळ्यावर मी पहिलं क्रियापद लिहिते ते 'आब्लार', म्हणजे बोलणं. लिहिताना सुरुवातीला एच, उच्चारात मात्र त्याचा पत्ता नाही. मग लिहायचा कशाला, असं वर्गातून कुणीतरी विचारतंच, आणि त्या प्रश्नाची मी वाट बघत असते.

लॅटिनमध्ये बोलण्यासाठी भारदस्त क्रियापद होतं 'लोक्वी'. इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, लोकांच्या तोंडी रुळलं ते 'फाबुलारी', गप्पागोष्टी करणं. रोमन नाटककार प्लाउटुसच्या नाटकांतही ते भेटतं. फळ्यावर 'फाबुलार' लिहून मी मधला उ पुसते. उरतो तो मध्ययुगीन कास्तीयातला 'फाब्लार'. पुढे सुरुवातीचा फ विरळ होत ह झाला आणि सोळाव्या शतकात बहुतेकांच्या तोंडून तो हही गेला. आंदालुसिया आणि एस्त्रेमादुराच्या काही भागांत तो अजून कानावर पडतो.

फ का गेला? स्पॅनिश भाषाभ्यासक मेनेंदेस पिदाल यांनी शेजारच्या बास्क भाषेकडे बोट दाखवलं. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. पण हा बदल बास्क मुलखाला लागूनच सुरू झाला, म्हणून मला त्यात तथ्य वाटतं.

पोर्तुगीजने फ सोडला नाही: बोलणं 'फालार', पीठ 'फारिन्या'. स्पॅनिशमध्ये पीठ 'आरिना'. घरात आजी-आजोबांचं पोर्तुगीज ऐकलेला गोव्याचा विद्यार्थी वर्गात असला, की ही जोडी तोच आधी सांगतो. शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा, पोर्तुगीजमध्ये फ तिथे स्पॅनिशमध्ये मुका एच, असा एक नियम हाती लागणं मला मोलाचं वाटतं. अर्थात तो सरसकट चालत नाही. विस्तव 'फ्वेगो'च राहिला, कपाळ 'फ्रेंते'च. 'उए'च्या आणि र-च्या आधी फ टिकला. 'फाबुला' म्हणजे बोधकथा, हा शब्द पंडितांनी लॅटिनमधून थेट उचलला, म्हणून त्याचाही फ शाबूत आहे.

वरच्या वर्गात सेर्व्हान्तेस वाचताना हे सगळं कामी येतं. 1605 साली छापलेल्या 'दोन किखोते' या त्याच्या कादंबरीचा नायक शूर सरदारांच्या जुन्या कथा वाचून भारावलेला असतो. आवेशात आला की तो 'एर्मोसुरा' न म्हणता 'फेर्मोसुरा' म्हणतो. अर्थ तोच, सौंदर्य. भाषांतर करताना आधुनिक मराठीत नुसतं 'सौंदर्य' लिहिलं तर त्याचं वेड निम्मं गळून पडतं. तिथे जुन्या वळणाच्या मराठी शब्दासाठी मी विद्यार्थ्यांना बखरी उघडायला लावते.