हवेवर तोललेली मालमोटार

हातांच्या कष्टाला ख्रिस्तसभेने सदैव मान दिला आहे. प्रभू येशू सुतारकाम करीत असता नांगर व जू घडवीत असे, असे दुसऱ्या शतकातील हुतात्मा संत जस्टिन यांनी लिहून ठेवले आहे. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. म्हणूनच एखादा तरुण आपल्या अंगणात काही घडवू लागला की आम्हांस मोठा संतोष वाटतो.

बालाघाट जिल्ह्यातील रामपायली हे चंदन नदीकाठचे गाव. मुलूख भातशेतीचा. तेथील आमच्या एका कुटुंबातील तरुण धान वाहण्यासाठी घरीच मालमोटार बांधीत आहे. जुन्या ट्रकचा सांगाडा, भंगारातील इंजिन आणि पोलादी पाट्यांच्या जागी मोडीत निघालेल्या बसचे रबरी फुगे, ही त्याची सामग्री. शेजारी विचारतात, "फादर, एवढी जड गाडी हवेवर कशी उभी राहील?"

आम्ही एका जाणत्या मिस्त्रीकडून हा विषय समजून घेतला. पाटे भरल्या ओझ्यासाठी केलेले असतात. म्हणून रिकामा ट्रक खड्ड्यांत उसळतो. फुग्याचे तसे नाही. ओझ्याने गाडी खाली बसली की एक झडप उघडते आणि कंप्रेसरने साठविलेली हवा फुग्यात शिरते. ओझे उतरले की तीच झडप जादा हवा बाहेर सोडते. ओझे दुपटीचे झाले तर दाबही सुमारे दुपटीचा होतो, पण गाडीची उंची तीच राहते.

परंतु येथे दोन गोष्टी जपावयाच्या असतात. पाटे नुसते ओझे पेलीत नाहीत. ते आसालाही जागच्या जागी धरून ठेवतात. फुगा आस धरीत नाही. म्हणून पाटे काढले की आसास पुढेमागे व आडवे सरकू न देणारे मजबूत दांडे जोडावेच लागतात. दुसरे असे की, जड ट्रकचे ब्रेकही हवेवरच चालतात. फुगा फाटून ब्रेकची हवा निघून जाऊ नये, म्हणून मध्ये एक संरक्षक झडप बसवितात. ब्रेकच्या टाकीत पुरेसा दाब असेल तरच ती फुग्यांना हवा जाऊ देते.

दांडे त्या तरुणाने उत्तम जोडले होते. ही झडप मात्र नव्हती. आणि तो आम्हांस गाडीवर आशीर्वादाचे पाणी शिंपडण्यास सांगत होता. त्याचे वडील म्हणाले, "फादर, देवाचा हात असला म्हणजे झाले."

आम्ही म्हटले, "सैतानाने मंदिराच्या शिखरावरून उडी घेण्यास सुचविले, तेव्हा प्रभूने ती घेतली नाही. देवावर विश्वास ठेवणे वेगळे आणि देवाची परीक्षा पाहणे वेगळे. बाळा, तू गाडी धानासाठी बांधतोस; पण लग्नसराई आली की त्याच हौद्यात आयाबहिणी आणि लेकरे चढतात."

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांची गोष्ट आम्ही त्यास सांगितली. त्यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातून छोटी मोटार बनविली. दुचाकीप्रमाणे किक मारताच ती सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे मनापासून कौतुक केले. परंतु ती नियमांत बसत नाही व आज ना उद्या अडविली जाईल, हेही स्पष्ट सांगितले आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्यांना मिळाली. कौतुक खरे होते आणि नियमही खरा होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीवाचून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि नोंदलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदलही करता येत नाही. हा कायदा कारागिराचा वैरी नव्हे. रस्त्याने पायी जाणाऱ्या परक्याच्या लेकराचा तो कैवारी आहे.

तरुण क्षणभर हिरमुसला. पुढच्या आठवड्यात मात्र तो झडप घेऊन आला व कोठे बसवावी हे मिस्त्रीस विचारू लागला. गाडी अद्याप ठोकळ्यांवर उभी आहे. परिवहन कार्यालयाने ती तपासून मान्य केली तरच ती रस्त्यावर यावयाची. मान्यता न मिळाल्यास शिकलेली विद्या तरी कोठे जात नाही.

ख्रिस्तसभेच्या विधिग्रंथात वाहनांच्या आशीर्वादाची प्रार्थना आहे, आणि ती म्हणण्यास आम्ही उत्सुक आहोत. परंतु आशीर्वाद हा झडपेचा बदली नव्हे. मातापित्यांनो, तुमच्या घरी असा हुन्नरी मुलगा असेल तर त्याची थट्टा करू नका, त्यास आय.टी.आय. मध्ये धाडा, जाणत्यांच्या हाताखाली ठेवा. संत योसेफ अशा हातांना कौशल्य देवो, आणि कौशल्याबरोबर परक्याच्या जिवाची काळजीही देवो.