रिकामी खोकी

रिकाम्या खोक्याला काही किंमत नसते, अशी माझी पासष्ट वर्षे समजूत होती. गेल्या वैशाखात गिरगावातले बिऱ्हाड हलवण्याची पाळी आली आणि आठ दिवसांत ती समजूत पार धुऊन निघाली.

आमची चाळ पुनर्विकासाला गेली. तीन वर्षे डोंबिवलीला भाड्याच्या जागेत राहायचे आणि नवी इमारत उभी राहिली की परत यायचे, असा करार. त्यावर सह्या करायला एक दुपार पुरली. पण दोन खोल्यांत ५६ वर्षे मुरलेला संसार टेम्पोत चढवायचा कसा, याचे कलम त्या करारात कुठेच नव्हते.

चिरंजीवांनी सामान बांधून देणाऱ्या एका तरुणाला बोलावले. त्याने खोल्यांचे फोटो काढले आणि मजुरीखेरीज कोरी खोकी, चिकटपट्ट्या आणि बुडबुड्यांचे प्लास्टिक यांचा वेगळा हिशेब मांडला. आकडा ऐकून मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले. आमच्याकडे काचेचे पेले सहा. त्यांतल्या दोघांचे टवके उडालेले. त्यांना गुंडाळायला त्यांच्याहून महाग प्लास्टिक आणावे, हे आमच्या घराण्याच्या परंपरेत बसणारे नव्हते. "खोकी मी आणतो," असे मी जाहीर केले. हिने माझ्याकडे पाहिले. ३८ वर्षे मास्तरकी केलेला माणूस बाजारातून सरळ भाजीसुद्धा आणू शकत नाही, असे ते पाहणे होते.

पहिल्याच दिवशी माझ्या ध्यानात आले, की खोकी मिळणे अवघड नाही. मागणे अवघड आहे. उसने मागायला माणूस लाजत नाही, कारण परत करण्याचा बहाणा असतो. फुकट मागायला जीभ अडखळते. वाण्याच्या दुकानापुढून मी दोनदा नुसताच गेलो. तिसऱ्या खेपेला नको असलेला साबण विकत घेतला आणि मग सहज आठवल्यासारखे विचारले, "शेठ, एखादं रिकामं खोकं असेल का?"

"खोकं कशाला, मास्तर?"

"जागा सोडतोय."

शेठचा तराजू थांबला. "आजीपण जाणार?" त्याने विचारले. मग काही न बोलता तो आत गेला आणि बिस्किटांची चार खोकी घेऊन आला. दर महिन्याच्या सामानाची यादी आई त्याच्या वडिलांच्या काळापासून धाडत आली होती. साबणाचे पैसे त्याने घेतले. तो धंदा होता. खोक्यांबरोबर त्याने सुतळीचे एक बिंडले मात्र तसेच ठेवले.

पुढे मी या विद्येत बराच तयार झालो. खोकी मागायला सकाळी जावे, माल उतरतो तेव्हा. रात्रीपर्यंत ती चपटी होऊन भंगारवाल्याकडे गेलेली असतात. औषधाच्या दुकानातली खोकी सर्वांत गुणी: कोरडी, घट्ट आणि बेताच्या आकाराची. पुस्तके त्यांतच भरावीत. मोठ्या खोक्यात पुस्तके भरण्याचा पराक्रम मी एकदा केला. उचलताना तळ गेला आणि माझे ३० वर्षांचे दिवाळी अंक जिन्यावरून तळमजल्यापर्यंत पायरीपायरीने उतरले. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाने ते गोळा केले आणि त्यांतले दोन वाचायला ठेवून घेतले. जड वस्तूला लहान खोके आणि हलक्या वस्तूला मोठे, हा नियम मी त्या दिवशी शिकलो.

फळवाल्याने हापूसच्या लाकडी पेट्या दिल्या, आतल्या पेंढ्यासकट. तो पेंढा कपबशांच्या मध्ये असा बसला, की जणू त्यांच्यासाठीच वाढला होता. डोंबिवलीत पुढे महिनाभर आमच्या चहाला आंब्याचा वास येत होता.

पेल्यांसाठी मात्र मला नाक्यावरच्या दारूच्या दुकानाची पायरी चढावी लागली. बाटल्यांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे असतात; प्रत्येक पेल्याला स्वतंत्र खोली, अगदी चाळीसारखी. पन्हळी कागदाचे पेटंट आल्बर्ट जोन्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८७१ साली घेतले, ते मुळी बाटल्या आणि काचसामान गुंडाळण्यासाठीच. त्या गृहस्थाचे आभार मानीत मी तशी पाच खोकी गॅलरीत रचली. दुपारपर्यंत साऱ्या चाळीने ती पाहिली. संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतःच आजोबा झालेला, मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, मन मोकळं करावंसं वाटलं तर सांगा हं."

रद्दीवाल्याचा अनुभव तेवढा कडू. महिन्यापूर्वी त्याला विकलेली आमचीच वर्तमानपत्रे मी चढ्या भावाने परत घेतली. एका अंकावर तर माझेच अर्धवट शब्दकोडे होते. ती घरी आणल्यावर हिने आणखी एक धडा दिला: वर्तमानपत्राची शाई भांड्यांना लागते, म्हणून आतला थर जुन्या सुती कपड्यांचा हवा. मग चादरी, उशांचे अभ्रे, माझे जुने सदरे कामाला लागले. ताटे आडवी न रचता उभी राहिली. तांब्याच्या बंबात मसाल्याचे डबे गेले आणि धान्याच्या डब्यांत वाट्या. जी पोकळी राहील तिच्यात मोजे. तीन दिवसांत घर भिंतीपाशी रचून झाले.

राहिला होता फक्त आईचा कोपरा.

आई ८६ वर्षांची. "तुम्ही जा, मी इथंच राहते," हे तिचे वाक्य आम्ही दोन महिने ऐकत होतो. कुणी वाद घालत नव्हते, कारण वाद घालण्यासारखे त्यात काही नव्हते. तिच्या खाटेखाली ट्रंक होती आणि कोनाड्यात लोणच्याची चिनी मातीची मोठी बरणी. त्या दोहोंना हात लावू देत नव्हती. मी तिच्यापुढे खोके नेऊन ठेवले, की ती ते पायाने हळूच सरकवी.

टेम्पो यायच्या आदल्या रात्री मी शेवटचे, सर्वांत चांगले खोके घेऊन तिच्यापाशी बसलो. "हे कुठून आणलंस?" तिने विचारले. मी सांगितले. मग इतर खोक्यांचे विचारले. मी एकेक सांगत गेलो: हे शेठचे, हे औषधवाल्याचे, ही पेटी फळवाल्याची. दारूच्या दुकानाचे ऐकून ती चक्क हसली. "म्हणजे सगळ्यांना सांगून आलास तर," ती म्हणाली.

तोपर्यंत हे माझ्या लक्षातच आले नव्हते. निरोप घ्यायला म्हणून मी कुणाकडेच गेलो नसतो. तेवढा धीटपणा माझ्यात नाही. खोक्याच्या निमित्ताने आठ दिवस मी दारोदार तेच तर करीत होतो!

आई उठली. तिने ट्रंक उघडली आणि तळातून वडिलांचे धोतर काढले. त्यांना जाऊन १४ वर्षे झाली. ते धोतर तिथे आहे, हे मला माहीत नव्हते. १९६८ साली रत्नागिरीहून एस.टी.ने आम्ही मुंबईला आलो, तेव्हा ती बरणी वडिलांनी साऱ्या वाटेवर मांडीवर धरली होती आणि मी पायाशी ट्रंकेवर बसलो होतो. मांडी बरणीने अडवली म्हणून मी रडलो होतो, असे आई अजून सांगते.

"त्यांनीच आणली होती," ती म्हणाली. "त्यांच्याच धोतरात जाऊ दे."

बरणी तिने स्वतः गुंडाळली. मी खोके धरून बसलो. दोघांनाही बोलण्यासारखे काही नव्हते.

डोंबिवलीत बरणी सुखरूप पोचली. फुटला तो एक पेला, तोही उतरवून झाल्यावर, माझ्या हातून. धोतर धुऊन पुन्हा ट्रंकेत गेले. रिकामी खोकी मी टाकायला निघालो, तर आईने अडवले. "परत जायचंय ना तीन वर्षांनी?" म्हणून ती चपटी करून माळ्यावर चढली.

पंधरा दिवसांनी दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरची एक तरुण मुलगी दारात घुटमळत होती. तिने आधी पाण्याची वेळ विचारली. मग, उन्हाळा फार आहे, असे म्हणाली. मी तिला ओळखले. म्हणजे नाव ठाऊक नव्हते. पण साबण विकत घेणारा माणूस मला आता लांबून ओळखू येतो.

"किती खोकी हवीत?" मी विचारले.

आतून आईचा आवाज आला, "औषधाची दे रे तिला. ती मजबूत आहेत. आणि तिला म्हणावं, आत ये, चहा टाकलाय."