शर्यतीच्या छोट्या कॅटामरानची तुलना

शर्यतीच्या छोट्या कॅटामरानचा, म्हणजे जोडनौकेचा, वेग हलची (पाण्यात तरंगणाऱ्या दोन अंगांची) लांबी, एकूण वजन, शिडाचे क्षेत्रफळ आणि दोन हलमधले अंतर यांवर ठरतो. हल अरुंद असल्याने लाटा उठवण्यात फार शक्ती खर्च होत नाही. पहिल्या तीन गोष्टींची चर्चा पुष्कळ होते. रुंदीकडे मात्र दुर्लक्ष होते, आणि तुलना तिथेच फसते.

‘होबी १६’ आणि ‘टोर्नेडो’ शेजारी ठेवल्या की हे दिसते. होबी १६ची लांबी ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन सुमारे १४५ किलो आणि शीड सुमारे २० चौरस मीटर. रॉडनी मार्च यांनी रचलेली १९६७ची टोर्नेडो ६.१ मीटर लांब, ३.०५ मीटर रुंद, सुमारे १५५ किलो; मूळ शीड २२ चौरस मीटरच्या आत. दोघा चालकांसह दर १०० किलोमागे शीड मोजले, तर दोन्हींत ते सात-साडेसात चौरस मीटर भरते. एवढ्यावर दोघींना बरोबरीच्या म्हणायला हवे. पाण्यावर मात्र टोर्नेडो स्पष्टपणे पुढे असते. लांबीचा वाटा आहेच, पण रुंदीही तेवढीच कामाला येते. वारा नौकेला कलंडवू पाहतो, तेव्हा वाऱ्याकडच्या बाजूला ट्रॅपीझवर (डोलकाठीला बांधलेल्या तारेवर) लटकलेले चालक तिला सावरतात. दोघेही लटकले, तर टोर्नेडोचा सावरण्याचा जोर ढोबळ हिशेबाने एक पंचमांशाहून जास्त असतो. जोरात वारा असला तरी तिचे शीड लवकर ढिले करावे लागत नाही.

होबी १६ला डॅगरबोर्डही, म्हणजे हलमधून खाली पाण्यात सोडायच्या फळ्याही, नाहीत. तिचे हल आतून-बाहेरून असमान आकाराचे आहेत, आणि आडवे वाहून जाणे त्या आकारानेच अडवायचे. वाऱ्याच्या तोंडावर ती त्यामुळे मागे पडते. उलट वाळूच्या किनाऱ्यावर ती सरळ चढवता येते.

एकट्याने चालवायची ‘ए-क्लास’ निराळीच. किमान वजन ७५ किलो, शीड १३.९४ चौरस मीटर. त्याच मापाने दर १०० किलोमागे नऊ चौरस मीटरांहून अधिक. हलक्या वाऱ्यात ही बाब निर्णायक ठरते.

वेगवेगळ्या नौका एकत्र धावतात तेव्हा मानांकन लावतात. ‘एससीएचआरएस’ या छोट्या कॅटामरानच्या मानांकन पद्धतीत लागलेल्या वेळेला मानांकनाने भागतात. समजा, १.२० मानांकनाच्या नौकेला ७२ मिनिटे लागली, तर हिशेबात ६० मिनिटे धरली जातात, आणि १.०० मानांकनाची नौका ६१ मिनिटांत आली तरी हरते. पद्धत न्याय्य आहे, पण सूत्राला त्या दिवसाचा वारा कळत नाही. मंद वाऱ्यात आणि उसळत्या समुद्रात एकच आकडा सारखा खरा ठरत नाही.

ही अडचण टाळायची, तर सर्वांना एकच नौका द्यावी. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ‘नाक्रा १७’ कॅटामरानच्या गटात हेच झाले. भारताकडून सिद्धेश्वर डोईफोडे आणि रम्या सरवणन उतरले होते.

वर्धा जिल्ह्यात अशा शर्यतींची परंपरा नाही, त्यामुळे तिथे नौका निवडायची तर आधी पाणी पाहावे लागेल. बोर किंवा धाम प्रकल्पासारख्या आतल्या जलाशयांवर समुद्रासारखी लाट नसते, आणि पाणी उतरले की काठ उथळ होतो. विदर्भातल्या अशा पाण्यावर कधी सुरुवात करायची, तर ती होबी १६ने करावी. वेगात ती टोर्नेडोच्या मागे आहे, पण डॅगरबोर्ड नसल्याने ती उथळ काठाला सहज लागते.