छोट्या गाड्यांची प्रदर्शने आणि आमची बार्शी लाइट

पुण्याहून सोलापूरकडे येताना जेऊर गेले की पुढे केम लागते. बाहेरच्या लोकांना आमचे गाव कुंकवामुळे माहीत आहे. आम्हा दोघा भावांना मात्र लहानपणापासून ओढ होती ती स्टेशनची. कोणती गाडी थांबणार आणि कोणती धडधडत निघून जाणार, हे आम्हाला घरात बसून आवाजावरून कळे. पुढे नोकरी-धंदा आला, लग्ने झाली, मुले झाली, पण नाद सुटला नाही. आज आम्ही रेल्वेच्या छोट्या चालत्या प्रतिकृती बनवतो आणि जिथे त्यांचे प्रदर्शन असेल तिथे मुलाबाळांना घेऊन जातो. या प्रदर्शनांनी आम्हाला आनंद दिला तसा मनस्तापही दिला.

आधी हा छंद काय आहे ते सांगतो. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण १:८७ आहे. म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. आपला नेहमीचा प्रवासी डबा या प्रमाणात वीतभरापेक्षा थोडा लांब होतो. रुळांतून बारा व्होल्टपर्यंतची वीज जाते, ती चाकांवाटे इंजिनातल्या छोट्या मोटरला मिळते. रुळावर धूळ बसली की गाडी अडखळते. आमच्याकडे उन्हाळ्यात धुळीला तोटा नाही, त्यामुळे गाडी चालवण्यापेक्षा रूळ पुसण्यातच जास्त वेळ जातो.

चांगला अनुभव आधी सांगतो. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. एका दालनात आख्खे शहर वसवलेले आहे. लोकांनी भोवती बसायचे आणि गाड्या, सिग्नल, रस्ते, सर्कस, सगळे चालू झालेले पाहायचे. दिवे मालवून रात्र केली की त्या इवल्या घरांतून उजेड पडतो. आमच्या अम्मींना रेल्वेचे काही वेड नाही, पण त्या क्षणी त्यांच्याही तोंडून "माशाअल्लाह" निघाले. एका माणसाचा छंद घराबाहेर येऊन हजारो मुलांचा होऊ शकतो, हे आम्हाला तिथे पटले.

दुसरा अनुभव एका मोठ्या शहरातला. तिकीट काढून आम्ही पाच जण आत गेलो. मांडलेल्या तीन रेल्वेंपैकी एकच चालू होती, बाकीच्या काचेआड. अम्मींना टेकायला खुर्ची नव्हती. विक्रीच्या टेबलावर एका इंजिनाची किंमत ऐकली आणि आम्हाला महिन्याचा किराणा आठवला. हे सगळे चालण्यासारखे होते. पण आमच्या पुतणीने तिथल्या माणसाला विचारले, "काका, गाडी वळणावर हळू का होते?" प्रश्न तिचा होता, उत्तर मात्र शेजारी उभ्या असलेल्या तिच्या भावाकडे पाहून दिले गेले, तेही इंग्रजीत. परतीच्या गाडीत ती आम्हाला म्हणाली, "चाचा, ते मुलींना सांगत नाहीत का?" तिला पटेल असे उत्तर आम्हाला सापडले नाही.

त्यानंतर एका कॉलेजच्या हॉलमधले छोटे प्रदर्शन पाहिले. दोन टेबले आणि चार-पाच हौशी माणसे, एवढाच पसारा. त्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी पुतणीच्या हातात वेग कमी-जास्त करायचे बटण दिले आणि म्हणाले, "घे बेटा, तूच चालव. पडली तर उचलून ठेवू." तिने गाडी दोनदा पाडली, तिसऱ्यांदा सबंध फेरी पूर्ण केली. असरची वेळ झाली तेव्हा त्यांनीच मागची रिकामी खोली दाखवली. पहिल्या ठिकाणी खर्च किती तरी जास्त झाला असेल, पण पुतणीला आठवते ते हे दुसरे.

एक खंत मात्र दोन्हीकडे होती. गाड्या बहुतेक जर्मनीच्या, इंग्लंडच्या, अमेरिकेच्या. आपली गाडी क्वचितच दिसे. याचे एक कारण हिशेबात आहे. बाजारात मिळणारे १:८७ चे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात, कारण युरोपातल्या रुळांची रुंदी १,४३५ मिलिमीटर आहे. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, तिला सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतात. म्हणून आपले इंजिन त्या रुळांवर ठेवले तर मोठ्या माणसाने लहान मुलाच्या चपला घातल्यासारखे दिसते.

पण हाच हिशेब आम्हाला आमच्या दारातल्या गाडीपाशी घेऊन आला. केमच्या पुढे कुर्डुवाडी. तिथून निघणारी बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची, म्हणजे अडीच फुटांची. तिचा सत्त्याऐंशीवा भाग पावणेनऊ मिलिमीटर भरतो. याहून लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. आमच्या गाडीला ते जवळजवळ बरोबर बसतात!

या गाडीचा इतिहासही प्रदर्शनापासूनच सुरू होतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९६ मध्ये इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरते रूळ टाकले आणि बार्शीसाठी बनवलेली इंजिने व डबे जाणकारांना चालवून दाखवले. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे हलक्या रुळांवरही भरपूर माल नेता येईल, असा त्याचा विचार होता. १८९७ मध्ये गाडी बार्शीपर्यंत धावली. पुढे ती एका बाजूला पंढरपूरवरून मिरजेपर्यंत, दुसऱ्या बाजूला लातूरपर्यंत पोहोचली. एकूण सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. १९५४ मध्ये ती सरकारने घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. याच कॅलथ्रॉपच्या देखरेखीखाली इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही अशीच छोटी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तिच्या प्रतिकृती तिकडचे लोक आजही हौसेने बनवतात. तिची थोरली बहीण आमच्या शेजारी धावून गेली, आणि आमच्या मुलांनी तिचे नावही ऐकलेले नव्हते.

म्हणून आम्ही ती करायला घेतली. तयार छोट्या इंजिनाचा सांगाडा आणि मोटर घेतली, वर लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे डबे चढवले. रंगकाम पुतणीने केले. ईदनंतरच्या रविवारी घराच्या ओसरीवर दोन टेबले जोडून कुर्डुवाडी ते बार्शी मांडली. वीज जाईल म्हणून इन्व्हर्टर लावला. नियम एकच ठेवला. येणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने एक फेरी स्वतः चालवायची.

गर्दी झाली, गोंधळही झाला. एक डबा तुटला. एका पाहुण्यांनी विचारले, "यातून मुलांना मिळणार काय?" त्यांच्या मुलाने तोवर रुळाखालची सैल तार शोधून काढली होती, तेव्हा उत्तर द्यायची गरज पडली नाही. कुर्डुवाडीहून रेल्वेतले एक निवृत्त मामू आले होते. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी बोटाने डबा हळूच ढकलला आणि तोंडाने त्या गाडीचा आवाज काढून दाखवला. आषाढीला डब्यांच्या टपावरही वारकरी कसे बसत, गाडी किती सावकाश चाले, हे ते सांगत राहिले आणि मुले गाडी सोडून त्यांच्याभोवती बसली. त्यांच्या नातवंडांनीही हे पहिल्यांदाच ऐकले.

आम्हाला वाटते, प्रदर्शन भरवणाऱ्यांनी एवढे तरी करावे. एक गाडी मुलांच्या हाती द्यावी, मराठीतून समजावून सांगावे, मुलीने विचारले तर मुलीलाच उत्तर द्यावे आणि म्हाताऱ्या माणसांसाठी चार खुर्च्या ठेवाव्यात. पालकांनी महागडे इंजिन घेऊन देण्याआधी पुठ्ठा, कात्री आणि मोजपट्टी द्यावी.

आता पुढच्या सुटीत आम्ही पंढरपूरची बाजू करणार आहोत. तुमच्या घरात कुणी बार्शी लाइटवर काम केले असेल किंवा त्या गाडीने प्रवास केला असेल, तर त्यांना मुलांसमोर बसवा आणि बोलते करा. जुने तिकीट, फोटो, कंदील असे काही माळ्यावर पडले असेल तर रद्दीत जाऊ देऊ नका. गाडी आम्ही पुन्हा बनवू शकतो, पण तिच्यात बसलेली माणसे आता थोडीच उरली आहेत.