एका जुन्या पुस्तकाची किंमत

जुनी वस्तू म्हणजे मौल्यवान वस्तू, असा पुष्कळांचा समज असतो. तांब्याच्या हंड्याबाबत तो खरा असेल, कारण हंड्याचे निदान वजन तरी होते. पुस्तकाचे तसे नाही. रद्दीवाल्याकडे ते किलोवर जाते आणि जाणकाराच्या हाती पडले तर हजारांत जाते. पुस्तकाची किंमत ठरते तरी कशी, हे मला आमच्या शेजारच्या खालांमुळे कळले.

खालांच्या सासरचे घराणे मूळचे अलाहाबादकडचे. पुढे ते मालेगावात आले. त्यांच्या सासऱ्यांचे आजोबा तिकडे कचेरीत मुनशी होते. त्यांचे एक पुस्तक पेटीत जपून ठेवलेले होते. ते होते 'ताजीरात-ए-हिंद', म्हणजे भारतीय दंड संहितेचा उर्दू तर्जुमा. डेप्युटी नझीर अहमद यांचे नाव तुम्ही उर्दूच्या तासाला ऐकले असेल. 'मिरातुल उरूस' लिहिण्यापूर्वी त्यांनी या कायद्याच्या तर्जुम्याचे काम केले होते.

२०२४ साली खालांच्या नातवाला तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला. फीला बारा हजार रुपये कमी पडत होते. कोणीतरी त्यांना सांगितले, की अशा पुस्तकाचे लाख रुपये येतात. खाला पुस्तक घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बेटा, तू शिकलेला आहेस. याचे काय येईल ते बघून सांग."

पुस्तक उघडले तर पहिले पान नाही आणि शेवटचेही नाही. छापखाना आणि साल याच दोन पानांवर असते. आता वय कसे ओळखायचे? मला एक युक्ती सुचली. हा कायदा १८६० साली झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. नंतर त्यात कलमांची भर पडत गेली. राजद्रोहाचे १२४-अ हे कलम १८७० साली आले. (याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना १८९७ आणि १९०८ साली शिक्षा झाली.) १५३-अ हे कलम १८९८ साली आले. खालांच्या पुस्तकात १२४-अ होते, १५३-अ नव्हते. म्हणजे पुस्तक या दोन सालांच्या मधले. ही पहिली आवृत्ती नव्हे, हेही तिथेच ठरले. खालांना ते सांगणे मला जड गेले.

मग पाने तपासली. जुन्या उर्दू पुस्तकांत पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो. तो जुळवत गेले की हरवलेले पान लगेच सापडते. एके ठिकाणी शब्द जुळेना. एक पान गेले होते. कागदाला कसर लागली होती. पुठ्ठाही मूळचा नव्हता.

समासात मात्र मुनशींच्या हातच्या बारीक टिपा होत्या. एका टिपेखाली हिजरी १२९४ असे साल होते, म्हणजे इसवी सन १८७७. तेव्हा पुस्तक १८७० ते १८७७ मधले ठरले. सव्वा रुपयाचे गणित सुटल्यावर मुलांना होतो तसा आनंद मला झाला.

जुलैत मी भेंडीबाजारातील एका जुन्या पुस्तकविक्रेत्याकडे गेलो. त्यांनी पाने चाळून चारशे रुपये सांगितले. म्हणाले, "कायद्याची पुस्तके हजारोंनी छापली गेली. कायदा बदलला की वकील ती फेकतात. आता तर एक जुलैपासून हा कायदाच गेला." ते खरेच होते. त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीच्या शिक्षेचे ३७९ कलम आता ३०३ झाले आहे. मी टिपा दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून दहा मिनिटे वाचले आणि आकडा अडीच हजारांवर नेला. "छापलेले दुसरीकडे मिळेल, हे नाही मिळणार," असे ते म्हणाले. माणूस सरळ होता. टिपा पाहिल्याच नाहीत असे तो दाखवू शकला असता.

खालांनी सगळे ऐकून घेतले. "अडीच हजारांनी फी भरत नाही आणि पुस्तक मात्र जाते," एवढेच म्हणाल्या. मग आम्ही दोघे तंत्रनिकेतनात गेलो. फी तीन हप्त्यांत भरण्याची सवलत मिळाली. पहिल्या हप्त्यासाठी खालांनी दोन महिने रात्री उशिरापर्यंत शिलाई केली.

पुस्तक आता प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून सुती कापडात बांधले आहे, कारण प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते. दर शुक्रवारी संध्याकाळी मी टिपा वाचतो आणि खालांचा नातू त्या वहीत उतरवतो. शिकस्ता लिपी वाचायला वेळ लागतो. आतापर्यंत एकेचाळीस टिपा झाल्या. ३७९ कलमाजवळची टीप दुष्काळाच्या सालातली आहे. एका माणसाने पाच सेर बाजरी चोरली, घरात चार मुले होती, असे मुनशींनी लिहिले आहे. पुढे त्याला काय शिक्षा झाली तेही लिहिले होते, पण नेमका तो शब्द कसरीने खाल्ला आहे. नातू भिंग लावून अजून तेथेच अडला आहे.