विरलेल्या जागा

गोधडीसाठी आलेलं कापड मी आधी दारात नेऊन उजेडासमोर धरते. रंग नंतर बघायचा. लुगडं बसायच्या जागी विरलेलं असतं, धोतर गुडघ्याशी, सदरा खांद्यावर आणि काखेत. जिथून उजेड आरपार येतो तिथे धागा दिसतो, पण त्यात दम उरलेला नसतो. ती जागा बोटाने चाचपून लक्षात ठेवायची. नमुना तिथूनच सुरू होतो, कारण तिथे काहीतरी घालणं भागच असतं. केवढं घालायचं ते त्या विरलेल्या जागेच्या आकारावर ठरतं आणि काय घालायचं ते आजूबाजूच्या कापडाच्या वजनावर.

"डिझाइन आधी कागदावर काढता का?" असं पुष्कळ जणी विचारतात. नाही काढत. याचा अर्थ वाटेल तसं जोडते असा मात्र नाही. मऊ कापडाला टणक कापड नुसतं खेटून लावलं, तर दोन-चार धुण्यांत मऊ कापड शिवणीलगत फाटतं. म्हणून त्या दोघांच्या मधे मधल्या पोताचा तुकडा लागतो. खाकी पँटचं कापड पायाकडे किंवा कडेला, कारण ओढाताण तिथे होते. इरकली लुगड्याचा मऊ झालेला भाग तोंडाकडे. चोळीचा खण सुंदर दिसतो, पण फार घट्ट विणीचा, म्हणून त्याच्या बारीक पट्ट्याच घ्यायच्या. हे सगळं जमिनीवर पसरून, उठून, लांबून बघून, पुन्हा बसून ठरतं. मी नवीन असताना असंच रंगाला रंग लावत बसले होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "नुसती बघायलीस काय? हात फिरव की त्याच्यावरून." तेव्हापासून तुकडा निवडताना डोळ्यांच्या आधी तळहात पुढे होतो.

आमच्या वसमतला कपड्यांवर हळद असतेच. काढणी, शिजवणं, वाळवण, पॉलिश, मग पोती भरून मोंढा. या कामातला सदरा कितीही धुतला तरी पिवळेपण सोडत नाही. साबण किंवा सोडा लागला की डाग एकदम लालसर होतो. पाण्यात खळबळून घेतला की परत पिवळा, आणि रोज ऊन दाखवलं की हळूहळू फिका. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या गोधड्यांत ती कितीतरी आधीपासून आहे. पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर बोटांच्या पिवळ्या पुसट खुणा राहिल्या असतील, तर मी तो तुकडा मुद्दाम वरच्या थराला घेते.

उसवणं हे निम्मं काम. सुईच्या टोकाने टाका उचलायचा, दोरा ओढायचा, घाई करायची नाही. सदऱ्याची पाठ हा सगळ्यात मोठा सलग तुकडा. बाही उघडली की तिची कड तिरपी निघते, आणि तिरपी कड ओढली की वाढते. तिच्यावर दुसऱ्या तुकड्याची सरळ कड दुमडून बसवली की ती जागच्या जागी राहते. कॉलर मी घेत नाही, आतल्या कडक कापडात सुई अडते. खिसा उसवला की त्याच्याखालचं कापड नव्यासारखं गडद निघतं, चौकोनी, वरच्या दोऱ्याच्या भोकांसकट. त्या चौकोनावर मी कधीच ठिगळ लावत नाही.

अमेरिकेतल्या अलाबामात जीज बेंड नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. तिथल्या बायकांच्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि जगभर गाजल्या. त्यांतली एक मिसूरी पेटवे या बाईंची. 1942 साली, नवरा वारल्यावर, त्यांनी त्याचे शेतातल्या कामाचे कपडे उसवून ती केली. तिचे फोटो पाहिले तेव्हा मला परकं काही वाटलं नाही. विटलेल्या कापडाचे लांब लांब पट्टे, जसे निघाले तसे. आमच्याकडेही गेलेल्या माणसाचं धोतर कोणी घेऊन येतं आणि पिशवी देताना फारसं बोलत नाही. अशा कापडाला मी कात्री लावत नाही. निघेल तेवढा तुकडा अख्खा ठेवते आणि बाकीची गोधडी त्याच्याभोवती बसवते.

हल्ली सारख्या मापाचे चौकोन कापून मशीनवर जोडलेल्या गोधड्या शहरात महाग विकल्या जातात. त्या नीटनेटक्या असतात, शिवणाऱ्या बायकांना चार पैसे मिळतात, त्याचा आनंदच आहे. पण चांगला, मोठा, धडका तुकडा निव्वळ मापासाठी कापायचा हे माझ्या हाताला पटत नाही. टेलरकडचं कोरं कातरणही मी फार घेत नाही. न वापरलेल्या कापडात खळ असते, आणि बहुतेक ते टेरिकॉट किंवा पॉलिस्टर असतं. घाम टिपत नाही, दोरा धरून ठेवत नाही. मराठवाड्यातला उन्हाळा अंगावर घ्यायचा तर धुऊन धुऊन मऊ झालेलं सूतच हवं. उगाच नाही आपण बाळाचं पहिलं दुपटं आजीच्या लुगड्याचं करत.

नामदेव महाराज आमच्याच जिल्ह्यातल्या नरसीचे, कुळाने शिंपी. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. त्यांतल्या एकात गज, कात्री, सुई-दोरा ही शिंप्याची सगळी हत्यारं भक्तीच्या कामी आली आहेत. माझं काम त्यांतल्या सुई-दोऱ्यावरच भागतं.

थर लागले की आधी मधून बाहेर कच्चे टाके, म्हणजे पोटातलं कापड सरकत नाही. मग धावदोरा कडेपासून आत, चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे. मी गोधडीवरच बसते. डावा हात खाली, सुईचं टोक त्या बोटाला लागलं की टाका सगळ्या थरांतून गेला म्हणून समजायचं. सुईवर तीन-चार टाके घ्यायचे आणि मगच ओढायचं. दोरा फार ताणला तर कापड आखडतं, सैल सोडला तर पायाचा अंगठा अडकून तुटतो. बेताने ओढला की दोन ओळींमध्ये बारीक सुरकुती उठते. त्या सुरकुतीत हवा धरली जाते आणि ऊब तिथूनच येते, नुसत्या जाडीतून नाही.

गोधडी फाटली की लोक टाकायला निघतात. मी म्हणते, आणा इकडे. ती उसवायची नाही, तशीच नव्या गोधडीच्या पोटात घालायची. सध्या घरात अशी एक आली आहे. वरचा थर पार चिंध्या झालाय, पण दोरे अजून पक्के आहेत, मागची साडीही धड आहे. तिला पोटात घालायची गरज नाही. नुसता वरचा थर नवा चढवायचा आणि एका कोपऱ्यात, जिथे उंदराने कुरतडलंय, तिथे खाकी लावायची. कापड धुऊन वाळत घातलंय. पाऊस लागायच्या आत दोरे घालून होतील.