भिंग रुजताना

सांध्यात किंवा हृदयात बसवलेल्या वस्तूभोवती शरीर काय खटाटोप करते, ते सहसा दिसत नाही. डोळ्यात बसवलेले भिंग मात्र स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली उघडे असते. मोतीबिंदू काढून ते बसवले, की लगेच त्यावर प्रथिनांचा थर चढतो. मग पेशी येतात, चाचपतात, आणि गिळता येत नाही म्हटल्यावर काही एकमेकींत मिसळून महापेशी होतात. भिंगावर त्यांचे ठिपके दिसले, की मी अजूनही जरा जास्त वेळ बघत राहतो.

हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनला १९४९ मध्ये पहिले भिंग बसवले, ते अशाच बघण्यातून. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या ‘काचेचे’, म्हणजे पीएमएमए प्लास्टिकचे, तुकडे घुसले होते आणि डोळे ते सोसत होते. तरीही सुरुवातीच्या काही रुग्णांचे डोळे फार सुजले. निर्जंतुक करायच्या रसायनाचा भिंगावर उरलेला अंश त्याला बराच कारणीभूत होता. शरीराची गाठ पडते ती पृष्ठभागाशी. पुढे पीएमएमएवर हेपॅरिन बांधले गेले, तेव्हा पेशी कमी चिकटू लागल्या. घडीचे ॲक्रिलिक भिंग तीन मिलिमीटरहून लहान छेदातून जाते, तेव्हा मुळात जखमच छोटी होते.

नंदुरबारमध्ये डोळा कमी सुजण्याला फार मोल आहे. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यावरची आजी शस्त्रक्रियेला येते. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला गुजरातेत गेले, की तपासणीला आणायला होळीपर्यंत कोणी नसते. स्टेरॉइडचे थेंब साधारण महिनाभर, हळूहळू कमी करत घालायचे, तेही थरथरत्या हातांनी, एकटीने. थेंब चुकतात. मग डोळा शांत ठेवायचे काम भिंगावरच येऊन पडते.

मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून भिंगे स्वस्त केली, हे फार मोठे काम झाले. आता स्टेरॉइड सोडणाऱ्या भिंगांवर प्रयोग चालू आहेत. मला त्यांची धास्ती वाटते. थेंब थांबवता येतात. भिंगातल्या औषधाने डोळ्याचा दाब वाढला, तर पाड्यावर कुणाला कळणार? त्यापेक्षा प्रथिनेच चिकटू न देणारा पृष्ठभाग मला हवा आहे. सिएटलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये तसे एक जेल उंदरांच्या त्वचेखाली ठेवले, तर त्याभोवती तीन महिने तंतूंचे आवरण धरले नाही. भिंगाला मात्र ज्या पिशवीत ते बसते, तिच्या मागच्या पापुद्र्याला घट्ट धरूनही राहायचे असते. तेव्हा पुढची बाजू निसटती आणि मागची चिकट, असे एकाच भिंगात करून पाहायला हवे.